दुकान वाढवायचं ठरलं

आमच्या साहेबांच्या वडिलांचा फोन रोज संध्याकाळी साडेसहाला यायचा आणि ते पहिलं एकच विचारायचे, "दुकान वाढवलं का रे?" साहेब केबिनमध्ये दिवसभर सपाता घालून वावरायचे आणि त्या वेळेला बूट चढवत असायचे. फोन स्पीकरवर टाकून, नाडी बांधता बांधता ते म्हणायचे, "वाढवतोय, बाबा." मी शेवटचा कप उचलायला आत गेलेली असायचे, म्हणून हे रोज कानावर पडायचं.

नवीन होते तेव्हा मला वाटलं, ऑफिस मोठं होणार आहे. मी ते पँट्रीतल्या दुसऱ्या बाईला सांगितलं, तिने सुपरवायझरला सांगितलं, आणि चार दिवसांत सगळीकडे झालं की कंपनी खालचा मजलाही घेणार. साहेबांनी मला आत बोलावलं. लागून दोन आठवडे झाले नव्हते, आणि गेली नोकरी असंच मी धरून चालले. पण साहेब हसत होते. म्हणाले, "मावशी, आमचे बाबा गिरगावातले. छत्र्यांचं दुकान होतं आमचं. दुकान बंद केलं असं तोंडाने म्हणायचं नसतं, अशुभ. म्हणून वाढवलं म्हणायचं." मग लहान मुलाला सांगावं तसं सावकाश म्हणाले, "वाढवलं म्हणजे बंद केलं. कळलं?"

कळलं म्हटलं. खरं तर मला ते आधीच कळायला हवं होतं. नवरा काविळीने गेला तेव्हा आमच्या गावच्या बायकांनी माझे हात धरून दगडावर बांगड्या वाढवल्या होत्या. फोडल्या म्हणत नाहीत. डाव्या मनगटावर काच लागल्याची खूण अजून आहे. शब्द ओळखीचाच होता, दुकानालाही लावतात एवढंच माहीत नव्हतं.

माझं गाव यवतमाळच्याही पलीकडे. शाळा सातवीपर्यंत होती, मीही सातवीपर्यंतच. नवरा गेल्यावर सासरी भाकरी मिळत होती, पण ती कशी मिळत होती ते सांगण्यासारखं नाही. मावसबहीण घोडपदेवला राहायची, तिच्याकडे आले. खोलीतली मोरीजवळची जागा तिने मला दिली. मग लालबागच्या एका खानावळीत पोळ्या लाटायला लागले. माझ्या बोलण्यातलं मले-तुले ऐकून तिथल्या बायका हसायच्या. वाढप करणारा तर ताट मागताना मुद्दाम "मले दे न वं" असं ओरडायचा. मीही हसायचे. हसलं नाही तर आणखी हसतात.

तिथे एक मुलगी डबा न्यायला यायची. लालबागचीच, तिशीची, आईला संधिवात म्हणून घरी स्वयंपाक व्हायचा नाही. ती हसली नाही. ती मला विचारायची, तुमच्याकडे याला काय म्हणतात, त्याला काय म्हणतात, आणि मी सांगितलेलं घोळवून घोळवून म्हणून बघायची. भाषांचा नादच होता तिला. सहा वर्षं संध्याकाळच्या वर्गाला जाऊन ती एका लांबच्या देशाची भाषा शिकली होती. तिने तिच्या ऑफिसच्या पँट्रीचं काम बघणाऱ्या ठेकेदाराकडे माझ्यासाठी शब्द टाकला. एकदा नाही, तीनदा. मी परळच्या त्या काचेच्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर लागले ते तिच्यामुळे. तिथे मी तिला मॅडम म्हणायला लागले. ती मला मावशीच म्हणत राहिली.

कंपनी युरोपातली. दह्याच्या, चीजच्या डब्यांवर झाकण बसवणारी यंत्रं बनवायची. मॅडमच्या त्या लांबच्या देशात कंपनीचा मोठा कारखाना होता आणि त्या कारखान्याची बिलं, पत्रं, सुटे भाग, सगळं आमच्या मजल्यावरची अठरा माणसं सांभाळायची. तिथली भाषा येणारी त्यांच्यात मॅडम एकटीच. दर मंगळवारी मोठ्या खोलीत पडद्यावर तिकडची माणसं दिसायची, आणि त्यांच्या मागून एक म्हातारीशी बाई काचेच्या ग्लासांत काळा चहा घेऊन यायची. आम्ही दोघी ट्रे घेतलेल्या. ती एकदा माझ्याकडे बघून मान हलवून गेली, तेव्हापासून मंगळवारी मी केस नीट बांधून जायचे.

मग त्या देशाने शेजारच्या देशात रणगाडे घातले.

पहिले काही दिवस मजल्यावर सगळे बातम्या बघत होते. पुढे बातम्या बघायचं थांबलं आणि एकच बोलणं सुरू झालं, कंपनी तिथे राहणार की निघणार. बाकीच्या मोठमोठ्या कंपन्या निघत होत्या, काही निघतो म्हणून बसून होत्या. पँट्रीत चहाला आले की अठराच्या अठरा जण यावरच भांडायचे. एक जण म्हणायचा, दह्याच्या झाकणाने कोण मेलंय. दुसरा म्हणायचा, तिकडचे सैनिक दही खात नाहीत का. तिसरा, जो सगळ्यांची नक्कल करायचा, तो म्हणाला की आपण राहिलो तर जग शिव्या देणार आणि गेलो तर आपल्या बायका देणार, तेव्हा शिव्या कोणाच्या गोड लागतात ते बघा. सगळे हसले. मीही हसले.

आणखी एक बोलणं होतं, आणि ते खोटं नव्हतं. बाकीचे निघाले तर तिथला सगळा धंदा आपल्याला मिळेल. मग माणसं लागतील, मजला मोठा होईल. साहेबच हे एकदा लिफ्टजवळ बोलले होते, म्हणून लोक ते धरून होते.

मॅडम या भांडणात पडायची नाही. तिचं दुसरंच चाललं होतं. अंधेरीच्या एका औषध कंपनीने तिला बोलावलं होतं. त्यांनाही ती भाषा येणारं माणूस हवं होतं, एकच. शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. इथे ती सात वर्षं होती, वरची जागा तिला मिळणार असं सगळे म्हणत होते. कंपनी राहणार असेल तर जायचं कशाला, आणि निघणार असेल तर शुक्रवारच्या आत उडी मारायला हवी. हे तिने मला पँट्रीत सांगितलं, कारण मी कोणाला सांगणार नाही असं तिला वाटायचं.

तिचे वडील गिरणीत होते. गिरणीला टाळं लागलं तेव्हा एका शाळेत त्यांना शिपायाची जागा मिळत होती. गिरणी उघडणार असं कोणीतरी छातीठोक सांगितलं म्हणून त्यांनी ती सोडली, आणि नंतर बरीच वर्षं ते सकाळी अंघोळ करून, डबा घेऊन गेटपर्यंत जाऊन यायचे. हेही तिनेच मला सांगितलं होतं, हसत हसत. आई डब्यात काय देते ते बघायला शेजारच्या पोरी यायच्या म्हणे.

बुधवारी युरोपातून एक मोठे साहेब आले. मोठ्या खोलीत ते, आमचे साहेब आणि आणखी तिघं बसले. पडद्यावर तिकडचे लोक होते. मॅडमलाही तेवढ्यापुरतं दुभाषी म्हणून आत बसवलं होतं. तिकडची मॅनेजर बाई खूप वेळ बोलली. काय बोलली ते मला कळलं नाही, पण ती सारखी मागे वळून कोणाला तरी आत बोलवत होती आणि एकेक जण येऊन पडद्यावर नमस्कार केल्यासारखं करून जात होता, आपापलं काम सांगत असावा. शेवटी ती चहावालीही आली. तिनेही दोन वाक्यं म्हटली. मॅडमने ती इंग्रजीत सांगितली तेव्हा मोठे साहेब हसून हात हलवते झाले.

मग त्यांनी मॅडमचे आभार मानून तिला बाहेर पाठवलं. पडद्यावरच्या लोकांचेही आभार मानले आणि पडदा काळा केला. आणि मग ठरवायला बसले.

मी तिथेच होते. थर्मास बदलत होते, काजू कतलीची बशी मोठ्या साहेबांकडे तिसऱ्यांदा सरकवत होते. मला इंग्रजी येत नाही, पण एक्झिट येतं. तो शब्द जिन्याच्या दारावर हिरव्या दिव्यात लिहिलेला आहे आणि आगीच्या कवायतीत आम्हाला शिकवलेला आहे. तो शब्द त्यांनी इतक्या वेळा घेतला की मी दरवाज्याकडे बघितलं. त्यांनी हात वर करून मोजलं. सगळे हात वर झाले, एक जण मोबाइलवर बोलत होता, त्याने दुसरा हात वर केला. ठरवायला वेळ लागलाच नाही. वेळ लागला तो पत्र लिहायला. भिंतीवर चार ओळी आल्या आणि त्यातला एकच शब्द ते काढायचे, घालायचे, पुन्हा काढायचे. अर्धा तास तो शब्द चालला. नंतर कळलं की तो दुःखाच्या आधी लावायचा शब्द होता, खूप दुःख म्हणायचं की नुसतं दुःख. नुसतं ठेवलं. मग प्रभादेवीला मासे खायला गेले.

जाता जाता साहेब पँट्रीत आले. ते पँट्रीत कधी येत नाहीत. म्हणाले, "मावशी, तुम्ही आत होता."

"मला इंग्रजी कुठं कळतं, साहेब."

"कळत नाही तेच बरं. महिनाभर कोणाला काही कळता कामा नये. लोक आधीच पळाले तर मागची आवराआवर कोण करणार." मग ते माझ्या हातातल्या फडक्याकडे बघत म्हणाले, "तुमचं मी बघतो. सहाव्या मजल्यावर आपलं दुसरं ऑफिस आहे, तिथे पँट्रीला माणूस लागणारच आहे."

मी हात जोडले. कोणी सांगितलं नव्हतं, आपोआप जोडले गेले. माझ्या मनात त्या वेळी मॅडम नव्हती, हे मला लिहायचंच आहे. माझ्या मनात मोरीजवळची जागा होती, आणि गाव.

संध्याकाळी साडेसहाला फोन आला. दुकान वाढवलं का रे. साहेब त्या दिवशी खुशीत होते, मासे चांगले मिळाले असावेत. म्हणाले, "बाबा, आज मोठंच वाढवलं. तिकडचं दुकान वाढवायचं ठरलं." पलीकडून म्हातारे बाबा म्हणाले, "माणसं किती होती रे तिथं?" साहेब म्हणाले, "बघू, बाबा, घरी आल्यावर बोलू," आणि बूट घातले.

म्हणजे जे इंग्रजीत मला कळलं नाही असं मी म्हणू शकले असते, ते आता मराठीत कळलं होतं.

गुरुवारी दुपारी मॅडम पँट्रीत आली. ती बिनसाखरेची काळी कॉफी घ्यायची, स्वतः करून घ्यायची. आत कोणी नाही असं बघून तिने दार लोटलं.

"मावशी, काल मला बाहेर काढल्यावर आत काय ठरलं गं?"

"मला इंग्रजी कुठं येतं, मॅडम."

"मला नको म्हणू मॅडम इथे. साहेब काही मराठीत बोलले असतील की. तू दिवसभर त्यांच्या आसपास असतेस. उद्या मला उत्तर द्यायचंय, माहितीये ना तुला. मी रात्री झोपले नाही."

मी कप पुसत होते. तो आधीच पुसलेला होता. मी काहीच ऐकलं नाही म्हणू शकत होते. मग तिने स्वतःच काय ते ठरवलं असतं, बहुतेक घाबरून अंधेरीच धरली असती, आणि इकडे साहेबांच्या लक्षात आलं असतं की कोणाला तरी सुगावा लागला. आत कोण होतं, तर मावशी होती. हे सगळं मी एका कपाच्या पुसण्यात चालवलं. सातवीपर्यंतच शिकले पण हा हिशेब मला पटकन आला.

म्हटलं, "तिकडचं वाढवायचं ठरलं म्हणाले."

ती एकदम वळली. "वाढवायचं?"

"वाढवायचं. वडिलांना फोनवर सांगत होते. माझ्या कानांनी ऐकलं."

यात एकही अक्षर खोटं नव्हतं. मी तेव्हाही स्वतःला हेच सांगितलं.

तिचा चेहरा कसा झाला ते मी सांगू शकत नाही असं लोक लिहितात. मी सांगू शकते. आधी तिने डोळे मिटले, मग ओठ आत ओढले, आणि मग ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हसायला लागली. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता. म्हणाली, "मावशी, तुझ्या तोंडात साखर पडो. आई रडेल बघ आज." मग तिथेच, पाण्याच्या मशीनला टेकून, तिने मोबाइल काढला. एक-दोनदा लिहून खोडलं. अंधेरीच्या लोकांना नाही कसं लिहावं याचा विचार करत होती. मी सिंककडे तोंड करून उभी होते. नळ चालू केला. तेवढा वेळ मला मिळाला होता, तिचं लिहून होईपर्यंत आणि पाठवल्याचा आवाज येईपर्यंत. चांगला मिनिटभर होता. "थांबा" एवढं म्हणायला तो पुरला असता. आवाज आला तेव्हा मी नळ बंद केला.

अंधेरीच्या लोकांनी सोमवारी दुसरी मुलगी घेतली. तीही मॅडमच्याच वर्गातली होती, मॅडमनेच तिला व्याकरण शिकवलं होतं.

महिन्याने कागद निघाला. कंपनीला दुःख होत होतं, नुसतं. तिथल्या माणसांना नोकरी गेल्याची पत्रं पाठवायची होती, ती त्यांच्या भाषेत हवी होती, आणि ती भाषा मजल्यावर एकीलाच येत होती. तीन दिवस मॅडम ती पत्रं लिहीत बसली. प्रत्येकात नाव वेगळं, किती वर्षं काम केलं ते वेगळं, बाकी तेच. दुसऱ्या दिवशी मी कॉफी ठेवायला गेले तर ती म्हणाली, "मावशी, तुझ्या मैत्रिणीचं आलं. ती चहावाली. एकतीस वर्षं होती तिथे." मग तिने मला विचारलं, त्या दिवशी मीटिंगमध्ये ती काय म्हणाली होती माहीत आहे का. मी नाही म्हटलं. "म्हणाली, तुम्ही या, तेव्हा चहा मी देईन." आणि पुढचं पत्र घेतलं.

सगळी लिहून झाल्यावर चौथ्या दिवशी मॅडमला तिचं स्वतःचं पत्र मिळालं. ते इंग्रजीत होतं.

तोवर तिने मला एक शब्दही बोलून दाखवला नव्हता. तिला वाटत होतं, साहेबांनीच वडिलांना थाप मारली असेल, किंवा वरच्यांनी नंतर मन बदललं असेल. मावशी काय, ऐकलं ते सांगितलं बिचारीने. मला वाटलं, निभावलं.

शेवटच्या दिवशी ती लॅपटॉप आणि ऑफिसचा मोबाइल परत द्यायला साहेबांच्या केबिनमध्ये गेली. साहेबांनी तिला बसवलं, मला कॉफी आणायला सांगितलं. साहेब खरोखर वाईट वाटल्यासारखं बोलत होते आणि त्यांना खरोखर वाटतही असेल. मी ट्रे घेऊन आत गेले आणि साडेसहा वाजले.

"दुकान वाढवलं का रे?"

"वाढवलं, बाबा," साहेब म्हणाले आणि फोन ठेवून बूट शोधायला लागले.

मॅडम म्हणाली, "वाढवलं म्हणजे?"

साहेबांना ती गोष्ट सांगायला आवडायची. छत्र्यांचं दुकान, गिरगाव, अशुभ, सगळं त्यांनी सांगितलं. तुम्ही कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या, तुम्हाला कुठून माहीत असणार, असंही म्हणाले. आणि मग बूट घालता घालता, मान वर न करता, "आमच्या मावशींनाच विचारा. पहिल्याच आठवड्यात सगळ्या ऑफिसात बोंब केली होती यांनी, की कंपनी मजला वाढवतेय. मग मी बसून समजावलं. आता पक्कं पाठ आहे त्यांचं. काय मावशी?"

मी ट्रे धरून उभी होते. "हो, साहेब," म्हटलं.

मॅडमने कप उचलला. एक घोट घेतला. कॉफीकडे बघून म्हणाली, "साखर घातलीस, मावशी." मी कधी घालत नव्हते. त्या दिवशी घातली गेली होती. तिने ती सगळी प्यायली.

लिफ्टपर्यंत मी तिची पिशवी घेऊन गेले. तिने नेऊ दिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. लालबागची मुलगी, तोंड उघडलं असतं तर मजला गोळा झाला असता. दार उघडलं तेव्हा तिने पिशवी माझ्या हातातून घेतली आणि म्हणाली, "जाते."

आमच्याकडे कोणी असं म्हणत नाही. कायमचं गाव सोडणारेही येतो म्हणतात. मी पुढे होऊन म्हटलं, "येते म्हणा, मॅडम."

"जाते म्हटलं मी. तुला शब्द बरोबर कळतात."

सहाव्या मजल्यावर आता मी तीन वर्षं आहे, साहेबही इथेच बसतात. इथलं मशीन चांगलं आहे, दुधाचा फेसही आपोआप येतो. मावसबहिणीच्या शेजारी मी स्वतःची भाड्याची खोली घेतली, मोरी आत आहे. साहेबांचे उपकार आहेत आणि मी ते विसरत नाही. मॅडम दादरला एका कॉलेजात प्रवेशाचे फॉर्म तपासते, तात्पुरती, असं खानावळीतल्या बाईकडून कळलं. मी लालबागवरून जायचं टाळते. भायखळ्याला भाजीला जाते.

गेल्या महिन्यात कंपनीचं तिकडचं बोलणं पुन्हा सुरू झालं. म्हणजे ते निघाले तेव्हा कारखाना तिथल्याच एकाला देऊन आले होते आणि परत घ्यायची सोय कागदात ठेवली होती. यंत्रं तीच, डब्यांवर झाकणं तीच, नाव तेवढं दुसरं. लढाई अजून चालू आहे, पण परत जायचं की नाही यावर आता मोठ्या खोलीत बसतात. काजू कतली लागते. एका दुपारी साहेब पँट्रीच्या दारात आले. दुसऱ्यांदाच.

"मावशी, ती आपली मॅडम, ती भाषावाली. तिचा नंबर कोणाकडेच नाही. ऑफिसचा मोबाइल परत करून गेली. चांगली जागा निघतेय तिच्यासाठी. तुमच्याकडे आहे का?"

आहे. खानावळीच्या काळापासून आहे, तिच्या घरचा. माझ्या मोबाइलमध्ये अजून डबावाली ताई या नावाने आहे. ती परत आली तर रोज सकाळी या दारात उभी राहील, काळी कॉफी करून घेईल, आणि मला तिला मॅडम म्हणावं लागेल.

"नाही, साहेब," मी म्हटलं. आणि थर्मास भरायला घेतला.